मागची सीट

सोमनाथनं गाडी शेडच्या सावलीला लावली, उतरून दार लोटलं आणि चावीचं बटण दाबलं. दोन्ही आरसे आत वळले. तो दहा पावलं चालला असेल, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. तीनदा, थांबून थांबून. चारही कोपऱ्यांचे पिवळे दिवे उघडझाप करू लागले. प्रेस मशीनवरच्या दोघा कामगारांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पहिल्या दिवशी ते हसले होते. आता हसत नव्हते.

साकिबसेठ केबिनमधून फोन हातात घेऊनच बाहेर आले. फोनवर गाडीनं संदेश पाठवला होता: 'मागच्या सीटवर कोणीतरी आहे. कृपया तपासा.'

"सोमनाथभाऊ, फिर बजी?"

"व्हय सेठ."

"मागे कोणाला बसवलं होतं?"

"कुणाला नाय. बँकेतून एकटाच आलो."

सेठनी मागचं दार उघडलं, वाकून आत पाहिलं. पायाशी पाहिलं. सीटवरून हात फिरवला. एसीनं सीट गार पडली होती, पण डाव्या खिडकीजवळ त्यांचा हात थांबला. तेवढी जागा कोमट होती, आताच कुणी उठून गेल्यासारखी.

"ऊन लागलं असेल," ते म्हणाले आणि दार लावून केबिनकडे गेले. रस्ताभर ऊन उजव्या बाजूनं होतं, हे सोमनाथला ठाऊक होतं.

गाडी घरी येऊन सव्वा महिना झाला होता. विजेवर चालणारी, चिनी कंपनीची. शहरात आता तशा गाड्या बऱ्याच दिसायच्या. जालना रोडच्या सिग्नलला उभं राहिलं तर दोन-तीन तरी आवाज न करता शेजारी येऊन थांबायच्या. सेठचं घर रोशन गेटला आणि वर्कशॉप वाळूजला. रोजचं जाणं-येणं मोठं, म्हणून त्यांनी मनावर घेतलं. घेताना सगळ्यांनी भरपूर भीती घातली होती. सेठचे वडील इब्राहीमसाहेब म्हणाले होते, "सरहद पे झगडा हुआ तो पुर्जे कहाँ से लाओगे?" कुणी म्हणालं, बॅटरी उन्हाळ्यात पेट घेते. कुणी म्हणालं, आत कॅमेरे असतात, तुमचं बोलणं थेट तिकडे ऐकू जातं. शेजारच्या शेडचे विश्वजीत जाधव तर रोज येऊन चक्कर मारायचे, टायरला हात लावायचे. त्यांनाही तीच गाडी घ्यायची होती. "तुमचं बघतो सहा महिने," ते म्हणायचे, "मग ठरवतो."

सेठच्या बायकोनं, फहमिदाभाभींनी मात्र गाडी एका गोष्टीवर पसंत केली होती. शोरूममधल्या माणसानं छताकडे बोट दाखवून सांगितलं होतं की इथं आत एक यंत्र बसवलेलं आहे. मागं लहान मूल झोपलं असेल, अंगावर पांघरूण असेल, तरी त्याच्या श्वासानं हलणारी छाती या यंत्राला कळते. मूल आत ठेवून कुणी गाडी बंद केली तर ती हॉर्न वाजवते, फोनवर कळवते. "उन्हाळ्यात अशा घटना होतात ना मॅडम," तो म्हणाला होता. भाभींची युसरा नऊ वर्षांची होती, तिला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी भाभींनी सेठकडे पाहून मान हलवली होती. सोमनाथ त्यांच्या मागं उभा होता. तो काच ढकलून बाहेर गेला आणि व्यवहार संपेपर्यंत उन्हातच थांबला.

आणि आता तेच यंत्र रिकाम्या सीटवर माणूस दाखवत होतं. बातमी गल्लीत पसरायला आठवडाही लागला नाही. गाडीबद्दलची प्रत्येक शंका त्या हॉर्नला येऊन चिकटली. इब्राहीमसाहेबांनी गाडीत बसणं सोडलं. विश्वजीतनं चक्कर मारणं थांबवलं.

शनिवारी सकाळी शोरूमकडून रुक्सार सेठच्या घरी आली. पंचविशीची, कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर ओढणी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. दारातच तिनं चपला काढल्या, पाणी घेतलं आणि थेट कामाला लागली. छताचं कव्हर काढून पाहिलं, वायरी पाहिल्या. मग युसराला मागं बसवून गाडी बंद केली. हॉर्न वाजला. युसराला उतरवलं, बंद केली. शांत.

"बघा, बरोबर आहे," ती म्हणाली. "आता तुम्ही एकेक जण चालवून आणा. कोपऱ्यापर्यंत. मग लॉक करा."

सेठ गेले, आले, लॉक केलं. काही नाही. भाभी गेल्या, आल्या. काही नाही. सोमनाथ गेला, आला. तो फाटकाच्या आत पाऊल ठेवतोय तोच हॉर्न वाजला. तीनदा, थांबून थांबून.

रुक्सारनं त्याच्या हातातली चावी काढून सेठची दिली. "परत जाऊन या काका."

तो परत गेला. परत आला. परत वाजला.

युसरानं आईचा हात धरला. भाभींनी तिला आत पाठवलं.

रुक्सारनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि वायर जोडली. स्क्रीनवर नोंदींची यादी उतरू लागली. ती बोट खाली-खाली नेत वाचत होती. मग तिचं बोट सावकाश झालं.

"मघाशी युसराला बसवलं ते सोडून एकोणीस वेळा वाजलंय. सगळ्या वेळी ड्रायव्हरची सीट काकांच्या मापाला आहे, म्हणजे गाडी काकांनीच आणलेली. आणि सगळ्या वेळी जागा एकच, डावी खिडकी." ती थांबली. "यात श्वास पण लिहिलेला असतो. मिनिटाला किती ते."

"कुणाचा श्वास?" सेठ म्हणाले. "आत कोणी नसताना?"

"तेच. सव्वीस आहे. कुठे सत्तावीस. मोठा माणूस इतका घेत नाही सर. पंधरा-सोळा घेतो."

"मतलब?"

"तीन-चार वर्षांचं लेकरू घेतं. झोपेत." असं म्हणून ती जरा हसली, पण तिच्याबरोबर कोणी हसलं नाही. "मशीन आहे सर. त्याला जे वाटलं ते त्यानं लिहिलं."

सोमनाथ ओट्याच्या कडेला बसला. बसताना त्यानं हातानं फरशी चाचपली, अंधारात बसल्यासारखी.

सेठ चिडले. ते तसे शांत माणूस, पण महिनाभर सगळ्या गल्लीचं ऐकून कान किटले होते. त्यांनी सांगून टाकलं की गाडी परत करायची. चिनी माल आहे, खोट आहे, आणि शोरूमनं ऐकलं नाही तर व्हिडिओ काढून सगळीकडे टाकीन, म्हणजे दुसरं कोणी फसणार नाही.

"सर, मला खोट सापडली नाही," रुक्सार म्हणाली. "मी तसं लिहिलं तर ते म्हणतील हिला तपासता आलं नाही. मी नवीन आहे. सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलंय मला."

"त्याला मी काय करू, बेटा?"

तक्रार भाभींनी घरातच टाइप केली. गाडी बहुतेक वेळ सोमनाथच्या हातात असायची, म्हणून त्याचंही म्हणणं वेगळ्या कागदावर हवं होतं. प्रिंटरमधून तो कागद आला. भाभींनी पेन पुढं केलं.

"वाचून घ्या भाऊ, आणि इथं सही करा."

सोमनाथनं कागद हातात घेतला. 'मी, सोमनाथ पुंजाराम सोनवणे, चालक, खरे सांगतो की, सदर गाडीत कोणीही नसताना...' तिथपर्यंत वाचून तो थांबला. पुन्हा सुरुवातीपासून तिथपर्यंत वाचलं. पेन त्याच्या बोटांत उभं राहिलं. भाभींना वाटलं त्याला अक्षर लागत नाही. त्या म्हणाल्या, "मी वाचून दाखवू?"

"नको." त्यानं कागद टीपॉयवर ठेवला, वर पेन ठेवलं. "गाडीत खोट नाय सेठ."

"मग काय आहे?"

"मी याच्याआधी बी एकदा असल्याच कागदावर सही केलीय."

मग त्यानं सांगितलं. एकदाही अडखळला नाही. जणू हे रोज मनात म्हणत आला होता.

नऊ वर्षांपूर्वी तो बजाजनगरात शाळेची व्हॅन चालवायचा. पोरांना चढवायला-उतरवायला बाई होती, सारजाबाई. पोरं मोजून घेणं तिचं काम. एप्रिलमधल्या एका सकाळी तिच्या नवऱ्याचा दम वाढला, त्याला दवाखान्यात न्यायचं होतं. चौकात व्हॅन थांबवून सोमनाथच तिला म्हणाला, मावशी तुम्ही जा, पोरं मी उतरवून घेतो. शाळेच्या फाटकाशी पोरं आपापली उतरून पळाली. त्याच्या कानाला फोन होता, भावाशी वावराच्या बांधावरून भांडण चाललं होतं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. शाळेमागच्या मैदानात व्हॅन लावली, काचा वर केल्या, घरी जाऊन झोपला. साडेबाराला परत आला.

"प्रेरणा नाव होतं," तो म्हणाला. "नर्सरीची. मागल्या सीटला, खिडकीला टेकून निजली व्हती."

टीपॉयवरचा कागद त्यानं बोटानं दूर सारला.

"पोलिसांनी इचारलं, बाई कुठं व्हती. मी म्हणालो, व्हॅनमधीच व्हती. शेवटपर्यंत. तिनंच सांगितलं की सगळी उतरली. त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली. कोर्टात बी तेच बोललो. ती काहीच बोलली नाय. मी सुटलो. ती वर्षभर हर्सूलच्या जेलात व्हती."

रुक्सारनं मांडीवरच्या लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं. साकिबसेठ खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. तिथून बाहेर उभी गाडी दिसत होती. ते लगेच तिथून बाजूला झाले.

भाभी म्हणाल्या, "युसराला तुम्ही सहा वर्षं शाळेत नेताय."

"व्हय."

"ती उतरल्यावर तुम्ही मागचं दार उघडून आत बघता. रोज. मी कितीदा गॅलरीतून पाहिलंय. मला वाटायचं, किती काळजी घेणारा माणूस आहे."

सोमनाथनं मान खाली घातली.

"सारजाबाई कुठे असतात?"

"देवगाव रंगारीला. सुटल्यावर गावी गेली. नवरा तवाच गेला."

"भेटलात कधी?"

"नाय."

"नऊ वर्षांत एकदाही?"

भाभी उठल्या. टीपॉयवरची चावी त्यांनी उचलली, तेव्हा सेठना वाटलं, आता त्या ती कपाटात ठेवतील. त्यांनी ती सोमनाथच्या पुढं ठेवली.

"आधी तिच्याकडे जा. मग पोलिसात. गाडी घेऊन जा."

"फहमिदा," सेठ म्हणाले, "ये गाडी?"

"हीच." मग आवाज खाली आणून त्या सोमनाथला म्हणाल्या, "सोमवारपासून युसराला मी सोडत जाईन."

"व्हय भाभी," तो म्हणाला. त्यानं हे धरूनच ठेवलं होतं.

रुक्सार फाटकापर्यंत त्याच्याबरोबर आली. गाडीजवळ जायला तिचे पाय अडले, ते तिनं लपवलं नाही. "काका, मी रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"गाडी बराबर हाय म्हणून लिवा."

दुपार चढली होती. पडेगाव मागं पडलं, दौलताबादचा किल्ला आला आणि गेला. रस्त्यावर डांबर चकाकत होतं. एरवी सोमनाथ एकटा असला की एसीच्या पुढच्या दोन जाळ्या सोडून बाकी बंद करायचा. आज त्यानं मागच्याही उघडल्या, आणि पडद्यावर बोट सरकवून हवा एकेक अंश गार करत नेली. आरसा त्यानं निघतानाच छताकडे फिरवून ठेवला होता. व्हॅनच्या इंजिनाचा केवढा आवाज असायचा. त्यात मागं कोण रडतंय, कोण गप्प आहे, काही ऐकू येत नसे. या गाडीत सगळं ऐकू येत होतं. टायरखालचा खडा, एसीची फुंकर. वेरूळच्या पुढं त्याला वाटलं की एसीच्या फुंकरीत आणखी एक लहान, भरभर चाललेली लय आहे. त्यानं रेडिओकडे हात नेला आणि परत घेतला. कसाबखेड्याच्या वळणावर गाडीचा वेग त्यानं इतका कमी केला की मागून आलेला टेम्पो शिव्या देत पुढं गेला.

देवगावला पोचायला साडेतीन झाले. सारजाबाईचं घर एका म्हाताऱ्यानं दाखवलं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं कडुलिंबाची सावली. सोमनाथनं गाडी सावलीत घेतली. उतरताना त्यानं ती बंद केली नाही. एसी चालू ठेवला, दार लोटलं, कुलूप लावलं नाही. असं का केलं हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

सारजाबाई ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. पुढं चिंचोक्यांचा ढीग, हातात लहान हातोडी. केस पार पांढरे झाले होते. तिनं मान वर केली.

"सोमनाथ," ती म्हणाली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. "बस. माठात पाणी हाय."

तो पाणी प्याला नाही. उभ्या उभ्याच बोलू लागला, आणि अर्ध्यात ओसरीच्या कडेला बसला. चौकातलं, फाटकातलं, ठाण्यातलं, कोर्टातलं, सगळं सांगितलं. गाडीच्या हॉर्नचं मात्र काही सांगितलं नाही. ते सांगायची त्याला लाज वाटली. ते सांगितलं तर आपण भिऊन आलो असं होईल, असं त्याला वाटलं. आणि तसं होतंही.

सारजाबाई ऐकता ऐकता चिंचा फोडत राहिली. तो थांबला तशी ती म्हणाली, "हे मला कशाला सांगतो? चौकात मीच उतरले व्हते. मला ठाव नसंल तर कुणाला?"

"मग कोर्टात बोलला का नाय मावशी?"

"काय बोलू?" तिनं हातोडी खाली ठेवली. "उतरले व्हते ना मी. बसायचं काम माझं, मोजायचं काम माझं. तू जा म्हणला अन् मी गेले. म्हातारा तसाबी चौथ्या दिशी गेला." जरा थांबून ती म्हणाली, "तिची आई कोर्टात माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, तिला कुणाकडं तरी बघू द्यावं."

सोमनाथनं पंच्यानं तोंड पुसलं. बराच वेळ त्यानं पंचा तोंडावरून काढला नाही.

"पोलिसात चाललोय," तो म्हणाला. "लिहून देतो. आता तरी देतो. तुम्ही संगं आलात तर..."

सारजाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. चिंचांनी भरलेलं सूप आत ठेवलं, हात धुतले, धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली आणि दाराला कडी-कुलूप घातलं.

लिंबाखाली गाडीभोवती चार-पाच माणसं जमली होती. घर दाखवणारा म्हातारा काचेला डोळे लावायच्या बेतात होता; सोमनाथला पाहून मागं सरला.

"चीनची हाय म्हणं?"

"व्हय."

"अन् फुटती म्हणतेत. माझा नातू घ्यायची म्हणतोय कर्ज काढून. घेऊ देऊ का? कशी हाय?"

सोमनाथनं त्याच्याकडे पाहिलं. "जे असंल ते दाखवती," तो म्हणाला.

म्हाताऱ्याला या उत्तरानं काही कळलं नाही. तो मान हलवत बाजूला झाला.

सोमनाथनं मागचं डावं दार सारजाबाईसाठी उघडलं. आतला गारवा त्याच्या हातावर आला. सारजाबाईनं पदर सावरला, एक पाय आत ठेवला, वाकली आणि तशीच थांबली. मग तिनं पाय परत खाली घेतला. गाडीला मागून वळसा घालून, उन्हातून चालत ती पलीकडे गेली आणि तिकडचं दार उघडून अगदी कडेला बसली, गुडघे आवळून.

"मावशी, इकडनं बसा की. तिकडं ऊन लागंल."

"असू दे," सारजाबाई हळू आवाजात म्हणाली. "निजलीय."

सोमनाथनं दार आपटलं नाही. दोन्ही हातांनी दाबून, आवाज न होऊ देता लावलं.